बटाट्याच्या वाफ्यातले बुडबुडे

“अगं हळू! खुरपं बटाट्यात घुसवशील!” दाद्या ओरडला.

मनीनं खुरपं बाजूला टाकलं आणि हातांनीच माती उकरायला सुरुवात केली. वाळलेल्या पाल्याखालून एकेक बटाटा बाहेर यायला लागला. कुणी मुठीएवढा, कुणी लिंबाएवढा. तिचा धाकटा भाऊ बटू प्रत्येक बटाट्याला सलाम ठोकून टोपलीत टाकत होता.

सुट्टीला आत्याकडे आल्यापासून तिघांनी एकच धोशा लावला होता. परसातल्या बटाट्यांचे वेफर्स करायचे, आणि तेही स्वतः! दाद्या आत्याचा मुलगा, तिघांत मोठा, म्हणून तो मुख्य आचारी. आत्या सकाळी कामावर जाताना बजावून गेली होती, “तळायला घेताना आजोबांना खाली बोलवायचं. तोवर शेगडीला हात लावाल तर बघा!”

मनीनं बटाट्यांवर पाणी ओतलं. मातकट पाणी वाफ्याच्या कुंपणाकडच्या टोकाला साचलं, आणि त्यातून बुडबुडा आला. बुड्! मग आणखी एक. बुड्, बुड्, बुड्!

“बेडूक!” बटूनं टाळ्या पिटल्या.

“बेडूक कुठला? गांडूळ श्वास घेत असेल,” दाद्या म्हणाला. “चला, पोटात कावळे ओरडतायत!”

मनी मात्र वाकून बघत राहिली. बुडबुडे थांबत नव्हते. वासही येत होता, अंडं नासल्यासारखा. बटाटा सडला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण तिला चैन पडेना. कुंपणापलीकडच्या बोळात केबलसाठी खड्डा खणत होते. सकाळी तिथल्या यंत्राचा आवाज एकदम थांबला होता. माणसं दबक्या आवाजात काहीतरी बोलत होती. मुकादमानं चिकटपट्टी मागवली होती आणि मग घाईघाईनं तेवढाच तुकडा बुजवून टाकला होता. केबल न घालताच!

स्वयंपाकघरात दाद्यानं बटाटे सोलले आणि किसणीवर पातळ चकत्या पाडल्या. पाण्यातून काढून त्या स्वच्छ फडक्यावर पसरल्या. बोळातली धूळ बसू नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या होत्या. मनी अंगणात उरलेले बटाटे निवडून आत आली आणि दारातच थबकली.

तोच वास! इथे? घरात?

“दाद्या, वास येतोय.”

“भुकेनं तुझं डोकं फिरलंय! मी कढई ठेवतो, तू आजोबांना हाक मार. तेल तापेपर्यंत उतरतील ते.” दाद्यानं लायटर उचलला.

शाळेत अग्निशमन दलाचे लोक आले होते, त्यांनी सांगितलेलं सगळं मनीला एका क्षणात आठवलं.

“थांब!” ती इतक्या जोरात किंचाळली की बटूच्या हातातली वाटी पडली. “गॅस आहे! लायटर खाली ठेव. हळूच! कुठल्याही बटणाला हात लावू नका. बाहेर!”

दाद्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं लायटर अलगद ओट्यावर ठेवला, शेगडीची बटणं बघितली. सगळी बंद! मग गॅस येतोय कुठून?

“आजोबा!” बटू रडवेला झाला.

आजोबा वरच्या खोलीत होते. त्यांना कमी ऐकू यायचं. दुपारची झोप झाली की ते चहासाठी विजेची किटली लावायचे!

दाद्यानं बटूला उचलून बाहेर पळ काढला. मनी जिन्याकडे धावली. खोलीचं दार ढकललं तर आजोबा किटलीत पाणी भरून बटणाकडे हात नेत होते! मनीनं झेप घेऊन तो हात धरला.

“अगं पोरी, काय झालं?”

बोलून ऐकू जाणार नव्हतं. तिनं नाक दाबलं, खाली बोट दाखवलं, दोन्ही हातांनी मोठा स्फोट करून दाखवला. आजोबांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लगेच तिचा खांदा धरून जिना उतरायला लागले. किती हळू उतरत होते! प्रत्येक पायरीला मनीला वाटे, आता उडतंय घर. आता!

पण घर उडालं नाही. रस्त्यापलीकडे शिंपीणकाकूंच्या दुकानाशी पोचल्यावर मनी भिंतीला टेकली. काकूंनी सगळं ऐकलं आणि शिलाई तशीच टाकून गॅसवाल्यांना फोन लावला.

“निघालेत ते. पण कुठे फुटलंय, ते विचारतायत.”

“बोळात!” मनी म्हणाली. काकू फोन कानाला लावूनच मुलांबरोबर बोळाच्या तोंडाशी गेल्या. खणायचं यंत्र आता थोडं पुढे धडधडत होतं.

“यंत्र बंद करा!” मनी लांबूनच ओरडली. “गॅसचा पाइप फुटलाय!”

मुकादम हसला. “पाइप? अगं, गटाराचा वास आहे तो. सुट्टी लागली की पोरांना काय काय सुचतं! जा, खेळा जा.”

यंत्र धडधडतच राहिलं. एक ठिणगी पडली तर? मनीला रडू कोसळणार होतं, तेवढ्यात तिला युक्ती सुचली. तिनं दाद्याला डोळ्यांनी खुणावलं.

“दाद्या, गटाराचाच वास आहे म्हणे! मग जा, शेगडी पेटव. तेल तापायला ठेव!”

दाद्याला क्षणभर काही कळेना. मग त्यानं मूठ आवळून वर धरली, “हा बघा लायटर, निघालो!” असं म्हणत घराच्या फाटकाकडे पावलं टाकली.

“ए! नको!” मुकादम गरजला. “पेटवू नकोस! घर उडेल!”

मजुरांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“गटारानं घर कसं उडेल हो?” शिंपीणकाकूंनी शांतपणे विचारलं.

मुकादमानं डोळे चुकवले. त्यानं हात हलवून यंत्र बंद करायला लावलं. मग सगळं कबूल केलं. सकाळी यंत्राचा दात लागून गॅसचा पिवळा पाइप चिरला होता. त्यानं पट्टी गुंडाळून माती लोटली होती. कामाला उशीर झाला असता ना!

दाद्यानं मूठ उघडली. ती रिकामी होती.

गॅसवाले आले आणि त्यांनी बोळातली झडप बंद केली. त्यांच्यातला साहेब हातात यंत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, तर ते यंत्र कर्कश कोकलायला लागलं. भुसभुशीत मातीतून वाट काढत गॅस वाफ्याखालून थेट घराच्या जमिनीखाली शिरला होता. साहेबानं बोळातल्या सगळ्या घरांतली माणसं बाहेर काढली आणि मुकादमाला बाजूला घेऊन असं काही झापलं की त्याची मान वर होईना.

आत्या धावतपळत आली. तिनं तिघांना एकदमच मिठीत घेतलं. आजोबा म्हणाले, “हिनं माझा हात धरला नसता तर...” आणि त्यांनी मनीचा हात घट्ट धरला.

साहेब मनीसमोर उकिडवा बसला. “शाब्बास! मोठ्यांना सुचलं नसतं ते तू केलंस. भीती नाही वाटली?”

“वाटली,” मनी म्हणाली. “अजून वाटतेय.” आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला फुटलं. आत्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

घरात जायची परवानगी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. घरातल्या चकत्या आत्यानं फेकून दिल्या. पण टोपलीतले बटाटे अंगणातच होते. पाइपचा गॅस अजून बंदच होता, म्हणून ते काकूंकडे नेले, त्यांच्या मोरीत घासूनपुसून धुतले, पुन्हा चकत्या पाडल्या, फडक्यावर कोरड्या केल्या. काकूंनी आपल्या सिलिंडरच्या शेगडीवर कढई चढवली.

“पेटव गं,” त्यांनी मनीपुढे काडेपेटी धरली.

मनीनं काडेपेटी घेतली. तिनं आधी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि खोल श्वास घेऊन वास घेतला. कापलेल्या बटाट्याचा ओला वास, बस्स! काडी पेटली. निळी ज्योत गोल फुलली.

पहिली चकती तेलात पडली, चर्रर्र आवाज झाला, आणि सगळेच दचकले! आजोबासुद्धा! मग बटू फिस्सकन हसला आणि हसण्याची एकच लाट उसळली.

कुरकुरीत, सोनेरी वेफर्सचा पहिला घाणा निघाला. काकूंनी मीठ भुरभुरलं आणि अख्खी ताटली मनीच्या हातात दिली.