बोडीची लडी

‘रंगवलेल्या लोकरीतली एक लडी बोडीत सोडायची. सोडली की मागं वळून पाहायचं नाही. अन् काऊन, ते विचारायचं नाही.’

शेतातल्या लहानशा तळ्याबद्दल, म्हणजे बोडीबद्दल, हेमकला हे लहानपणापासून ऐकत आली होती. पहिल्या दोन गोष्टी तिनं चालवून घेतल्या असत्या. तिसरीनं तिचं डोकं फिरायचं. ज्याचं कारण विचारायला बंदी असते, त्यात हटकून कोणाचं तरी काळंबेरं असतं, असं तिचं मत होतं. नागपूरच्या कॉलेजात गेल्यापासून तर ते आणखीच पक्कं झालं होतं.

नागपूरचं राजधानीपण गेलं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. सुट्टीला ती सौंदडच्या स्टेशनावर उतरली तेव्हा तिच्या ट्रंकेत पांढऱ्या लोकरीच्या लड्या आणि विणायच्या सुया होत्या. नंदावहिनीचे दिवस भरत आले होते. वहिनीचं पहिलं बाळ जगलं नव्हतं. आता तिला कोणी नुसतं ‘बरी आहेस ना’ म्हटलं तरी तिचा हात पोटावर जायचा. तिच्या बाळाला लाल टोपडं विणायचं, हे हेमानं गाडीतच ठरवलं होतं. जन्माआधी बाळाचं काही करायचं नाही, हा घरचा आणखी एक नियम. म्हणून आईला तिनं मफलर विणते असं ठोकून दिलं.

रंग घरचाच होता. बांधावरच्या पळसांना लाख लागायची. लाखेच्या कांड्या कुटून भिजवल्या, पाणी गाळून हंडा चुलीवर चढवला, तुरटी आणि चिंचेचा कोळ टाकला. लड्या आत गेल्या तसा ओल्या मेंढरांचा वास घरभर पसरला.

“लय ढवळू नोको,” आई, सुलोचनाबाई, म्हणाली. “लोकर चिकटून नमदा होऊन बसते. अन् धुवाले मी येतो संगं.”

“लडी सोडते की नाही ते पाहायला?”

“तोंड चालव्याले कालेजात पाठवलं तुले,” आई म्हणाली, पण हसली नाही.

दुपार कलता कलता दोघी बोडीवर गेल्या. धान निघालं होतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या. पाण्यावर धुकं इतकं खाली आलं होतं की पलीकडची पाळ दिसत नव्हती. आई अलीकडच्या पाळीवरच थांबली. हेमा एकटी उतरली आणि लड्या पाण्यात बुडवून खळबळू लागली. लाल ढग पसरत गेले. आणि मग हातातल्या लडीला खालून कोणी तरी ओढलं. झटका नव्हे. लोकरीची गुंडी करणारी बाई लडी धरणारीकडून धागा घेते ना, तसं... हलकेच, सवयीनं.

शेवाळात अडकलं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. सगळ्या लड्या पिळून घमेल्यात टाकल्या.

“सोडली का?” पाळीवरून आवाज आला.

“सोडली,” हेमा म्हणाली. एक लडी तिनं पदराखाली घेतली होती.

बाकीच्या लड्या उन्हात वाळल्या. ती एक वाळेना. बाकीच्यांतलीच एक म्हणून तिनं ती ओसरीतल्या खुंटीला अडकवली, तर तिच्यातून थेंब गळत राहिले, शेणाच्या सारवणावर लाल ठिपके पडत राहिले. पिळली तरी तेच. तिला लाखेचा वास नव्हता. चिखलाचा होता, आणि त्यामागं कसलातरी गोडसर, कुजका.

टोपडं मात्र भराभर वाढत होतं. जरा जास्तच. सकाळी उघडावं तर हेमानं सोडलं होतं त्याच्या पुढच्या ओळी विणलेल्या, आणि तेवढ्याच ओळी ओल्या.

“वहिनी, तू विणलंस?”

“मले सुई धरता येते का, हेमाबाई? मी निस्ती लडी धरतो, नाहीतर गुंडी करतो.”

ते खरंच होतं. रोज दिवेलागणीला दोघी आतल्या खोलीत बसायच्या. आलटून पालटून एकीनं दोन्ही मनगटांवर लडी ताणून धरायची, दुसरीनं गुंडी करायची. हेमाला आता त्या खोलीत दरवाजाकडं पाठ करून बसवत नव्हतं. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

टोपडं शेवटी आईच्या हाती लागलंच. संध्याकाळी ओसरीत मोठे बाबा, म्हणजे हेमाचे थोरले काका केशोराव, कंदिलाशी सुपारी कातरत बसले होते. आईनं टोपडं उजेडात धरलं आणि काठावरून बोट फिरवलं. दुहेरी, पीळ घातलेला काठ.

“हा काठ तुले कोणं शिकवला?”

“कोणीच नाही. मी नाही घातला तो.”

मोठ्या बाबांचा अडकित्ता थांबला. “लडी सोडली होती का तू?”

“नाही,” हेमा म्हणाली. “आणि आता मी विचारते. काऊन सोडायची?”

आई टोपडं घेऊन खाली बसली. मोठ्या बाबांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

“शामकलाचा काठ होय तो,” ते म्हणाले.

शामकला त्यांची बायको. हेमा जन्मायच्या आधीच बोडीत पाय घसरून गेली, एवढंच घरात सांगत.

“पाय नव्हता घसरला... पोटुशी होती. पोटातल्यासाठी टोपडं विणून राहिली होती. अशुभ करते म्हणून मीच सांगतलं, बोडीत टाकून ये. टाकलं तिनं. मंग त्याच्या मागं तीबी उतरली. हळूहळू... आमी दोघं, मी अन् तुही माय, पाळीवर होतो. वाटलं, ती येईन वापस.”

“टोपडं अधुरं होतं तिचं,” आई पुटपुटली. “लोकर पोहोचली का ती येत नाही. नंदाच्या पहिल्या बाळाच्या वक्ताले म्यां मफलरची लोकर रंगवली... लडी सोडाची राहून गेली, माय...”

“उठ,” मोठे बाबा आईला म्हणाले. “टोपडं अन् लडी, दोन्ही घे. आत्ता बोडीवर जाऊ.”

हेमानं आईच्या हातून टोपडं ओढून घेतलं. 

“नाही! एका बाईचं विणकाम तुम्ही पाण्यात टाकायला लावलंत, आणि इतकी वर्षं तिला एकेक लडी देऊन गप्प बसवताय. तिची भीती वाटते तुम्हाला. लाज वाटली कधी? हे टोपडं पाण्यात जाणार नाही. ते वहिनीच्या बाळाच्या डोक्यावर चढेल.”

आता आरडाओरडा होणार, म्हणून तिनं छाती भरून घेतली. पण आईचा हात तोंडावर गेला होता. मोठे बाबा तिच्याकडं पाहतच नव्हते; ते तिच्या मागच्या खुंटीकडं पाहत होते.

खुंटी रिकामी होती. तिच्याखालचे ठिपके ओळीनं पुढं गेले होते, उंबरा ओलांडून, आतल्या खोलीत. तिथं दिवा नव्हता. कंदील तर इथं होता.

आतून वहिनीचा आवाज आला, पेंगुळलेला, हसरा.

“हेमाबाई, हात खाली नोका करू ना... लडी गुंतून राहिली. अन् किती गार पडले हात तुमचे!”

हेमाचे दोन्ही हात इथं होते, टोपड्याभोवती आवळलेले. टोपड्यातून लोंबणारा लाल धागा जमिनीवरून उचलला गेला, ताठ झाला, आणि अंधाराच्या बाजूनं हलकेच ओढला गेला... सवयीनं.

“नाही,” हेमा दाराकडं पाहून म्हणाली, आणि तिनं मूठ सोडली नाही.

आई आणि मोठे बाबा ओसरीतच थांबले, तेव्हा पाळीवर थांबले होते तसे.