घरात बाई होत्या

ही रचलेली गोष्ट नाही. ज्यांच्यावर गुदरली ते शेषाद्रीराव माझ्या आईचे मामा, आणि त्यांना थापा मारणं कधी जमलंच नाही.

साल १९९९. तमिळ आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, मंगळवार, भर दुपार. कुंभकोणमला सारंगपाणी कोविलच्या, म्हणजे देवळाच्या, मागची गल्ली.

शेषाद्रीराव पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, बँकेतून रिटायर झालेले. घरात एकटेच. बायको वेंकटलक्ष्मी जाऊन चार वर्षं झालेली. एकुलती एक लेक अंबुजा अमेरिकेत. तिला फाल्गुनात मुलगी झाली... दिवस भरायच्या आधीच.

नातीचा फोटो जावयानं कॉम्प्युटरवर पाठवला. टेलिफोनच्या लाइनवरून तो उतरायचा. वरून खाली, एकेक रेघ.

आधी जावळ.

मग कपाळ.

मग भुवया... आणि लाइन तुटायची.

पुन्हा पहिल्यापासून!

पाच महिने झाले, आजोबांनी नातीचे डोळे पाहिले नव्हते.

केबल टीव्हीवाल्या कंपनीनं मागच्या दिवाळीतच जाहीर केलं होतं, टीव्हीच्या वायरीतून इंटरनेट देऊ, वीसपट वेगानं. महिन्याभरात. मग म्हणाले पोंगलला. मग चित्तिरै, म्हणजे तमिळ नवं वर्ष, उजाडल्यावर. समोरच्या अख्ख्या रांगेला मिळालं. शेजारच्या व्यंकटरमणलाही मिळालं, ज्याला कॉम्प्युटर कुठून चालू करायचा तेही ठाऊक नव्हतं!

शेषाद्रीरावांच्या घराला तेवढं नाही.

शेवटी ते ऑफिसात जाऊन कडाडले. तिथल्या त्यागराजनं रजिस्टर त्यांच्यापुढे आपटलं.

"आमच्यावर का ओरडता, सार? आमचा माणूस तीनदा येऊन गेला. तुमच्याच घरच्यांनी परत पाठवला."

"माझ्या घरी आहे कोण परत पाठवायला?"

"वाचा. आमच्या गुरुमूर्तीनं लिहिलंय. 'घरात बाई होत्या. नको म्हणाल्या.' तिन्ही वेळा तेच."

शेषाद्रीरावांनी तारखा पाहिल्या. त्या तिन्ही दुपारी ते याच ऑफिसात तक्रार घेऊन बसले होते.

घराला कुलूप लावून.

"आळशी मेला! काम करायचं नाही, वर थापा!" ते भडकले. "मंगळवारी पाठवा त्याला. मी दारात बसतो."

मंगळवारी गुरुमूर्ती पापनाशमहून बसनं आला. खांद्यावर वायरीचं वेटोळं. ओट्यावरच घुटमळला.

"सार... अम्मांना विचारलंत ना?"

"कुठली अम्मा? आत जा आणि भोक पाड!"

तो मागच्या खोलीत गेला. शेषाद्रीराव पुढच्या दारात उभे राहिले. ड्रिल सुरू झालं.

आणि थांबलं.

मग काहीच नाही. शेजारचा रेडिओ नाही. कावळा नाही. डोक्यावर पंखा फिरत होता... पण त्याची नेहमीची करकर नाही.

गुरुमूर्ती बाहेर आला. चवड्यांवर चालत.

"सार, परत तेच म्हणतायत," तो कुजबुजला.

"कोण? काय म्हणतायत?"

"तुमची भाषा मला कुठे येते, सार?" गुरुमूर्तीनं आठवून आठवून एकेक शब्द उच्चारला, "मूल... अत्ताच... निजलं. आवाज... नोको."

ते शब्द मराठी होते.

गल्लीत सगळे तमिळ बोलणारे. वेंकटलक्ष्मी गेल्यापासून त्या घरात मराठी बोलणारी बाई उरली नव्हती.

"त्यांच्या हातात..." गुरुमूर्तीनं दोन्ही हात पुढे धरून हलकेच झुलवले. "एवढंसं होतं, सार."

शेषाद्रीराव मागच्या खोलीत धावले. खोली रिकामी. भिंतीत अर्धवट भोक. खाली चुन्याची भुकटी.

त्यांनी तिथूनच अमेरिकेला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच वाजलेले. घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

"काय झालं अप्पा, या वेळी?" अंबुजाचा आवाज. मागे बाळाचं रडणं. "आत्ता कुठे झोपली होती हो. उठवलीत ना!"

"बरी आहे ना ती?"

"ठणठणीत आहे. का?"

त्यांनी फोन ठेवला.

नात आज शाळेत जाते. तिला कधी काही झालं नाही. मग ते मूल कुणाचं? ते घर शेषाद्रीरावांनी घेतलं तेव्हा अंबुजा कॉलेजात होती. त्या घरात त्यांचं तान्हं मूल कधी रांगलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात लिहून दिलं, कनेक्शन नको.

"नऊ महिने आमचं डोकं खाल्लंत!" त्यागराज उसळला. "आता नको?"

शेषाद्रीराव घरी परतले. भिंतीतलं भोक त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवलं. फोटो अंबुजानं पोस्टानं पाठवले.

मी अजूनही सुट्टीत त्यांच्याकडे जातो. दुपारची जेवणं झाली की ते मागच्या खोलीचं दार अलगद लोटून घेतात. पाण्याचा तांब्या खाली ठेवतानाही त्याखाली हात धरतात.

कुणासाठी, हे मी एकदाच विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.