अर्पणपत्रिकेवरील नाव

चैत्रातील दुपार होती. कॉलेज स्ट्रीटमागील आमच्या छापखान्यात माझ्यापुढे प्रेमकवितांच्या संग्रहाची प्रुफे येऊन पडली. शाळेची पायरी न चढता मी थोर थोर कोश पालथे घातले, ते एका दिवंगत कारकुनाचे उसासे तपासण्यासाठी. एकवीस कविता, आणि त्यांत चौदा चंद्र.

मूळ वही मोठ्याने वाचायला कवीची विधवा, निभाननी गुप्त, जाड चष्म्यातूनही अंधारा जिना चाचपडत चढून स्वतः आली होती. तिने वाचायचे आणि मी प्रुफावर नजर ठेवायची, अशी आमची कामाची रीत. अर्पणपत्रिकेचे पान कवीने कोरेच ठेवले होते.

"तिथे माझं नाव घाला ना, सान्यालबाबू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मूळ प्रतीत नाही ते मी छापत नाही, वहिनी. चंद्र हवे तेवढे घ्या."

"छत्तीस वर्षं भात वाढला त्यांना. एवढं तरी..."

मी पहिले प्रूफ पुढे ओढले. वाचन सुरू झाले. खोलीत शिशाचा आणि शाईचा उष्ण वास कोंदला होता. पाचव्या कवितेपासून तिचा घसा मोकळा झाला. चहाचा गुण, असे मी समजलो. स्वर मधुर, उच्चार निर्दोष. दोन ठिकाणी तिने शब्द बदलला आणि, सांगायला लाज वाटते, ओळ सुधारली.

"पदरचं वाचू नका," मी मान न उचलता बजावले.

"मी केव्हाची गप्प आहे, बाबू..."

मी वर पाहिले. वही तिच्या मांडीवर मिटलेली होती. वाचन चालूच होते... मुखोद्गत असल्यासारखे.

ती भ्याली नाही, संतापली. "कोण गं तू? कुणासाठी लिहिलं त्यांनी हे?"

वाचन थांबले. मग आवाज आला, "निभा..."

नाव घेऊन माणसाला नेणारी भुतीण, निशी, दोनदाच हाक मारते. तिसरीवाचून ओ देऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. असल्या अडाणी समजुतींची मी जन्मभर टर उडवली. तरीही माझा हात आडवा गेला.

"थांबा, वहिनी. तिसरी येऊ द्या."

"माझंच नाव घेतलं हो," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. तिने ओ दिली.

तिने चष्मा उतरवून मेजावर ठेवला. मग तिने ते कोरे पान माझ्यापुढे सरकवले.

"लिहा ना."

स्वर मधुर होता. उच्चार निर्दोष.

मी लिहिले. मुळात नसलेले नाव मी आयुष्यात प्रथमच लिहिले.

"जाते आता," ती हसून म्हणाली. "ते वाट पाहत असतील."

तिचा जाड भिंगांचा चष्मा मेजावरच राहिला होता. अंधाऱ्या जिन्यावरून पावले भराभर, एकदाही न अडखळता, उतरत गेली.