शब्दांशिवायचं पुस्तक

"अहो, हात नका लावू!"

सुरुची ओरडली खरी, पण तोवर उशीर झाला होता. २००२चा ऑगस्ट. वसईतल्या एका कॉलेजात हाताने केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. तिचं पुस्तक म्हणजे घड्याघड्यांनी उलगडत जाणारी नायगावची खाडी. शब्द एकही नाही. शेजारच्या टेबलावरच्या उंच मुलाने ते उघडलं आणि मधली घडी टर्रकन फाटली.

"सॉरी... पण न उघडता पुस्तक वाचायचं कसं?"

"हे लांबून बघायचं असतं!"

"मग माझं उघडा. फाडलंत तरी चालेल."

ती रागातच वाकली. पान उलटताच कागदी केळी उभ्या राहिल्या, मागे विहीर, विहिरीवर वाकलेली एक बाई. पुढच्या पानावर केळी होत्या, विहीर होती — बाई नव्हती.

"आई," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी गेली."

सुरुचीचा राग कुठल्या कुठे पळाला.

तो भावेश, जवळच्याच सांडोर गावच्या वाडीतला. घडी जोडून द्यायला म्हणून भेटला आणि मग दोघांनी मिळून नवंच पुस्तक करायला घेतलं. त्याच्या पडवीत ती कागद दुमडायची, तो कापायचा. बाहेर केळीच्या पानांवर पाऊस तडतडायचा. डिंकाने चिकटलेली बोटं सोडवताना तो तिच्याकडे बघायचा... आणि पुन्हा कात्री उचलायचा. घरी तिचं कशात लक्ष लागेना. पोळ्या करपायच्या, आई ओरडायची.

सप्टेंबरात बडोद्याहून पत्र आलं. तिने अर्ज केलेल्या दोन वर्षांच्या कलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. सोमवारी हजर व्हायचं.

"छानच की!" भावेश म्हणाला आणि त्याने भलताच कागद कापला.

रविवारी तिला राहवेना. संध्याकाळच्या गाडीची बॅग तशीच अर्धी भरलेली टाकून ती रिक्षाने सांडोरला पोचली.

"तुला काहीच बोलायचं नाही?"

त्याने एक छोटंसं पुस्तक पुढे केलं. "यात आहे सगळं."

"नाही उघडणार. महिनाभर तुझे कागदच वाचतेय मी, भावेश. तोंडाने सांग."

त्याने पुस्तक खाली ठेवलं.

"आईला सांगायचं होतं, ते राहूनच गेलं," तो अखेर म्हणाला. "तू जा... जायलाच हवंस. पण मला तू हवी आहेस, सुरुची. दोन वर्षांनीही. म्हातारपणीही."

"एवढंच?" डोळे पुसत ती हसली.

"एवढ्यालाच घाम फुटलाय मला!"

तिने त्याचा घामेजलेला हात घट्ट धरला.

"मलाही तूच," ती म्हणाली. "आता दे ते पुस्तक. गाडीत उघडेन."