रिकाम्या खुर्चीचं म्हणणं

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण माझी आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही. पूर्वी भुताचं नाव काढलं की ती खो खो हसायची.

आता हसत नाही.

आत्या विद्यापीठात इंग्रजीतून चर्चा करायला शिकवते. पुस्तकं पालथी घातलेल्या, पण चारचौघांत तोंड उघडताना घाम फुटणाऱ्या मुलांना गोल बसवून बोलतं करायचं, हे तिचं काम. तिचा नियम एकच. आधीच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, मगच आपलं घोडं पुढे दामटायचं. शेवटी सगळ्यांनी ‘मान्य’ म्हटल्याशिवाय चर्चा संपत नाही. आत्यानेसुद्धा म्हणायचं.

त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. भर दुपार, लख्ख उजेड. गोलात एक खुर्ची जास्तीची राहिली होती. कुणी उचलली नाही.

त्या गटात चिमणी होती. नाव पोरांनी ठेवलेलं, कारण चिवचिव औषधालाही नव्हती. दोनदा नापास झालेली. आज बोलली नाही तर शिक्षण बंद. आत्याचा जीव तिच्यात अडकला होता.

चिमणीची पाळी आली.

ती गप्प.

पंखा तेवढा घरघरत होता. मग... तोही ऐकू येईना.

सगळ्यांच्या माना एकदम रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. मुलं माना डोलवू लागली. कुणीतरी बोलत असल्यासारखी.

एक मुलगा इंग्रजीत म्हणाला, “हिचं म्हणणं असं, की आपल्याला कुणी कधी विचारलंच नाही.”

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. थांबवायला हवं होतं. पण थांबवलं तर चिमणी नापास! पोरांनी तिला धीर द्यायला नाटक रचलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

आणि चिमणी बोलली.

अडखळली नाही, घाबरली नाही. खुर्चीकडे बघून म्हणाली, “तुझं म्हणणं असं, की तुला खूप बोलायचंय. मला तर बोलणं नकोच वाटतं. मग आपण जागा बदलू.”

“मान्य,” मुलं म्हणाली.

सगळे आत्याकडे बघू लागले.

आनंदाने तिचे डोळे भरले होते. सवयीने तिच्याही तोंडून निघून गेलं... “मान्य.”

पंखा पुन्हा घरघरू लागला.

“नाटक छान वठवलंत रे,” ती बाहेर पडणाऱ्या मुलाला म्हणाली.

“कसलं नाटक, मॅडम? त्या नव्या मुलीला पण मार्क द्या हं. तिच्यामुळे चिमणी बोलली.”

चिमणी पहिली आली.

आठवड्याने तिच्या आईचा फोन आला. “मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी दिवसभर बोलत असते. पण...”

“पण काय?”

“मला आई म्हणत नाही हो. काकू म्हणते.”

आत्या अजून शिकवते. ती खुर्ची कुणाला उचलू देत नाही. प्रत्येक चर्चेत तिच्याकडे वळून विचारते, “बाळा, तुला काही सांगायचंय का?”

आणि थांबते. बराच वेळ थांबते.

पण ती पोर मुळातच अबोल. पाळी आली तरी ती कधी बोलायची नाही.