‘आणखी’चं कार्ड

“जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय.”

एवढंच ती म्हणाली, आणि तेही वर न बघता. बघणार कशी? ती जिन्याच्या वळणावर फरशीला गाल लावून आडवी पडली होती. शेजारी एक चिमुरडी मुलगी, तशीच आडवी. खिडकीच्या गजांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या आणि मुलगी एक डोळा मिटून त्यांत तरंगणारी धूळ बघत होती. रडून रडून नाक लाल झालेलं. तिला उचलता उचलता घामाघूम झालेला एक तरुण डोक्याशी उभा होता.

“केव्हाचा उठवतोय हिला,” तो खाली सरकत म्हणाला. “वर पहिलाच दिवस आहे. उशीर झाला तर त्या थेरपिस्टबाई चिडतील.”

“चिडतात का?”

“कडक आहेत म्हणे.”

“असतील बाई...” असं म्हणून तिनं धुळीवर हलकेच फुंकर घातली. धूळ गरगरली. मुलगी हसली नाही, तिनं वळूनही पाहिलं नाही. पण तिची करंगळी फरशीवरून सरकत सरकत आली आणि हिच्या करंगळीला टेकली.

ती तशीच पडून राहिली. मुलगी आपणहून उठली तेव्हाच उठली, कपडे झटकले, नाकावर घसरलेला चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, “चला. कडक बाई येतेय तुमच्याबरोबर.”

त्याचे कान लाल झाले. ते तिला फार आवडले, पण हे तिच्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

वरच्या मजल्यावरचं ते केंद्र स्वमग्न मुलांसाठी होतं. मूल हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, बोलत नाही, हे वेळेवर कुणाच्या लक्षात आलं तर शाळेआधीची वर्षं हातची जाऊ नयेत म्हणून तिथं मुलाला आणि घरच्या माणसाला एकत्र बसवून खेळत खेळत शिकवत. ती साबणाचे फुगे उडवायची, म्हणून तिला सगळे फुगेताई म्हणत. मुलीला घरी ठकू म्हणत. ठकूच्या आईची इस्पितळात सकाळपाळी, बाबा परगावी. तेव्हा तिला आणायचं काम त्या तरुणाकडे, म्हणजे तिच्या मामाकडे आलं. मामाचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, ते तो तेवढ्या वेळापुरतं बंद ठेवून यायचा.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस हा. पण फुगेताईशी बोलताना त्याची नजर भिंतीवर रंगवलेल्या हत्तीकडे.

“हत्तीला सांगताय की मला?” ती विचारायची.

“हत्ती कडक नाही ना,” तो म्हणायचा.

तिथली पहिली शिकवण म्हणजे थांबणं. फुगेताई फुगे उडवायची, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ठकूसमोर धरायची आणि गप्प बसायची. भुवया उंचावलेल्या, ओठ किंचित उघडे, जणू आता काहीतरी मोठं घडणार. ठकूच्या पुढ्यात एक पाटी असायची. पाटीवर चित्रांची कार्डं चिकटवलेली: पाणी, झोका, फुगे, आणि मिटलेल्या मुठीतून उघडणाऱ्या हाताचं एक, म्हणजे ‘आणखी’. ठकूनं कार्ड काढून समोरच्याच्या हातात ठेवायचं, की मागितलेली गोष्ट तिला मिळायची.

पहिल्या दिवशी मामाला राहवलं नाही. “आणखी... आणखी म्हण ना, ठकू,” तो बोलून गेला.

“तुम्हाला हवेत का फुगे?”

“हवेत की.”

“मग रांगेत या. आत्ता तिची पाळी आहे.” मग तिचा आवाज मऊ झाला. “तिच्या तोंडचा शब्द आपण काढून घ्यायचा नाही. जागा मोकळी ठेवायची. आपण ती भरून टाकली, तर ती कशाला भरेल?”

“आणि तिनं भरलीच नाही तर?”

“तर थांबायचं. आणि कार्ड हातात आलं की मात्र काही विचारायचं नाही. का, कशाला, आत्ताच का... काही नाही. लगेच द्यायचं. मागितलं की मिळतं, हे तिला कळायला हवं.”

हे त्यानं असं मनावर घेतलं, की पुढं पुढं तोच तिच्यापेक्षा छान थांबायला लागला. ठकू हट्टाला पेटली, भिंतीकडे तोंड करून बसली, तरी हा आपला मांडी घालून, भुवया उंचावून, शांत. फुगेताई त्याच्याकडे बघत राहायची. एखादा माणूस इतक्या प्रेमानं वाट बघू शकतो, हे तिनं आजवर दुसऱ्यांना शिकवलं होतं, बघितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. सगळं केंद्र तिला ताई म्हणायचं. शिपाई, पालक, वयानं मोठ्या बायासुद्धा. हा मात्र तो शब्द गिळायचा. “अहो...”, “ऐकता का...”, नाहीतर नुसतं खाकरायचा. एकदा फोनवरून निरोप ठेवताना त्यानं “त्या फुगेवाल्या मॅडम” असं म्हटलं आणि केंद्राच्या मोठ्या बाई दिवसभर हसत होत्या.

ठकूनं पहिल्यांदा तोंडानं “आ-खी” म्हटलं, त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. कार्ड पाटीवरच राहिलं. तिनं बाटलीकडे बघितलं, मग, क्षणभरच, फुगेताईच्या डोळ्यांत, आणि म्हणाली. फुगेताईनं इतक्या घाईनं झाकण उघडलं, की साबणाचं पाणी अंगावर सांडलं आणि चष्मा निसटून खाली पडला. चष्म्याची एक काडी लोंबायला लागली.

मामानं खिशातून इवलासा पेचकस काढला. “द्या इकडे.”

चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचंही धूसर दिसायचं. समोर त्याच्या शर्टाचा निळा डाग तेवढा होता. तो बराच वेळ हलला नाही.

“एवढा वेळ लागतो एका स्क्रूला?”

“हा हट्टी आहे,” तो म्हणाला. आवाज भरून आलेला. “भाचीसारखा.”

चष्मा परत डोळ्यांवर चढला तेव्हा त्याची नजर हत्तीवर होती. ठकू गेल्यावर मोठ्या बाई दारातून आत आल्या.

“स्क्रू केव्हाच बसला होता, गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, माझ्या होता. तुला दिसत नव्हतं तेवढ्यात तुझ्याकडे बघून घेत होता तो.” मग त्या खुर्ची ओढून बसल्या. “आणि तूही कमी नाहीस, मला कळतं. पण ठकू आपल्याकडे आहे तोवर...”

“नियम माहीत आहे मला, बाई.”

“माहीत आहे म्हणूनच सांगतेय. उद्या तुमचं बिनसलं, तर पोरीचं यायचं बंद होईल.”

नियम खराच होता, आणि तिला पटलेलाही. तिनं काही बोलायचं नाही असं ठरवलं. पण त्यानं काही म्हणावं असं वाटणं, त्याला कुठला नियम आवरणार? जाताना तो जिन्याशी रेंगाळायचा. ठकू चपलेचा पट्टा लावायला वेळ घ्यायची. फुगेताई दारात उभी राहायची. तो तिच्याकडे बघायचा, ओठ किंचित उघडे... आणि थांबायचा. तीही थांबायची. जागा मोकळी ठेवायची, हे तिनंच तर शिकवलेलं. आता त्याची पाळी आहे, असं तिला वाटायचं. तिची पाळी आहे, असं बहुधा त्याला. दोघंही या कामात इतकी तयार, की शेवटी ठकूच कंटाळून त्याचा शर्ट ओढायची.

घरी येऊन ती दिवा न लावता बसायची आणि करंगळीनं चष्म्याचा तो स्क्रू चाचपायची. घट्ट होता. जरा सैल बसवला असता तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटायचं.

आणि मग ठकूला बालवर्गात जागा मिळाली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी ठकूच्या नावानं फुगे उडवले. मोठ्या बाईंनी तिच्या कार्डांची पाटी मामाच्या हवाली केली, ‘शाळेत द्या, अजून लागेल’ म्हणाल्या, आणि फुगेताईकडे न बघताच, “आजपासून ठकू आपल्याकडे नाही बरं,” असं पुटपुटून निघून गेल्या. उद्यापासून त्या वेळेला दुसरं मूल येणार होतं. हा माणूस पुन्हा या जिन्यानं यायचं काही कारण उरलं नव्हतं.

ती त्यांना सोडायला खाली निघाली, तर जिन्याच्या वळणावर ठकू आडवी. ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेलं.

फुगेताई तिच्या एका बाजूला आडवी झाली. मग दुसऱ्या बाजूला तो, शर्टाची पर्वा न करता, फरशीला गाल लावून. सावली पडणार नाही असा.

ठकूच्या डोक्यावरून ते एकमेकांकडे बघत होते. इथं हत्ती नव्हता.

‘बोल ना,’ ती मनात म्हणत होती. ‘एकदा तरी बोल...’ आणि तो थांबला होता. भुवया उंचावून, अगदी तिनं शिकवल्यासारखा. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली. आपण हे काय शिकवून बसलो, असं तिला वाटलं. ही जागा आता जन्मभर मोकळीच राहणार.

करर्... असा चिकटपट्टी सुटल्याचा आवाज झाला.

त्यानं पाटीवरून एक कार्ड काढलं होतं. ठकूच्या वरून हात लांबवून त्यानं ते तिच्या तळव्यावर ठेवलं. कोपरे झिजलेले, मध्ये उघडणारा हात.

‘आणखी.’

तिनं ते बघितलं. मग पुन्हा बघितलं, कारण चष्मा असूनही सगळं धूसर झालं होतं.

“फुगे संपलेत,” ती कशीबशी म्हणाली.

“फुगे नकोत मला.”

“मग—”

“विचारायचं नसतं ना?” तो हळूच म्हणाला. “कार्ड हातात आलं, की...”

“लगेच द्यायचं,” ती म्हणाली.

ठकूनं दोघांच्या हातांखालून मान काढली आणि धुळीवर फुंकर घातली.

“चष्मा सैल झालाय माझा,” फुगेताई म्हणाली. “उद्या दुकान उघडं असतं?”

त्यानं चष्म्याकडे बघितलं. जागच्या जागी घट्ट होता. “उघडं ठेवेन. संध्याकाळपर्यंत... नंतरही.”

“एक सांगते. तिथं गिऱ्हाइकांसमोर मला ताई म्हणायचं नाही.”

“आजवर म्हटलंय कधी?”

“नाही,” ती म्हणाली. “मोजत होते मी.”

त्याचे कान लाल झाले. तिनं कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटली.

“हे काय? परत?” त्याचा चेहरा पडला.

“परतच द्यायचं असतं,” ती म्हणाली. तिचा हात अजून त्याच्या मुठीवर होता. “नाहीतर पुन्हा कसं मागाल?”