हवालदाराच्या मणक्याचा कागद

"सुभेदारसाहेब, कागद गेला वो!"

पुष्पावतीबाईंचा फोन आला तसे निवृत्त सुभेदार अब्राहाम चहा अर्धा टाकून निघाले. श्रीरामपुरात ते माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज भरून देत.

गेला होता तो पुष्पावतीबाईंच्या नवऱ्याचा, हवालदार कानिफनाथांचा, जखमेचा अहवाल. परवाच रेकॉर्ड ऑफिसातून आलेला, अब्राहामांनी अजून न पाहिलेला. उद्या अपंगत्व पेन्शनसाठी लष्कराचं मेडिकल बोर्ड. पाठ नोकरीत गेली हे फक्त त्या कागदावर होतं, आणि मान त्या पाठीमुळेच आखडली, असं डॉक्टरांचं पत्र होतं. कागद नाही, तर दोन्ही दुखणी म्हातारपणाची.

"शेवटी कुणाच्या हातात होता?"

"हिच्या," पुष्पावतीबाईंनी सुनेकडे बोट केलं. "झेरॉक्सला न्यायचा हुता. हिनंच घालवला."

स्नेहलचे डोळे सुजले होते. "म्या कॉटवरच्या ट्रंकेत ठिवला. वाचला बी न्हाई."

"शोधलं कुठं?"

"कॉटखाली, माळ्यावर, कोठ्यांमागं. समदीकडं."

मानेला पट्टा लावून कानिफनाथ खुर्चीत ताठ बसले होते. "जाऊ द्या, साहेब. नशिबात न्हाई."

तीन वर्षं खेटे घातलेला माणूस असं बोलतो? अब्राहामांना ते खटकलं.

"चप्पल कोण घालून देतं तुम्हाला?"

"सून. वाकता येत न्हाई."

"आणि वर्दीतला फोटो इतका खाली कुणी लावला?"

"मीच. वर बघाया जमत न्हाई."

अब्राहामांनी फोटो उतरवला. मागच्या पुठ्ठ्याआड घडी घातलेला कागद होता.

"तुम्ही वाकून शोधलंत, नाहीतर वर चढून," ते म्हणाले. "लपवणाऱ्याला दोन्ही जमत नव्हतं. त्याचा हात पोचेल अशी जागा एकच."

"पर का?" पुष्पावतीबाई ओरडल्या.

अब्राहामांनी वाचलं: मेसच्या ट्रकमधून बटाट्याची पोती उतरवताना पडून मणक्यास इजा. गाव मात्र वीस वर्षं दर सव्वीस जानेवारीला सरहद्दीवर तोफगोळ्यानं जखमी झालेल्या वीराला शाल-नारळ देत होतं. आणि चौकातला झेरॉक्सवाला कल्याण कुठलाच कागद वाचल्याशिवाय परत देत नसे.

"पोती उतरवणं ही नोकरीच होती, कानिफनाथ. बोर्डाला तेवढं पुरतं. पण सुनेवर आळ येत होता, तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

कानिफनाथांना लाजेनं मेल्यासारखं झालं. मान खाली घालायची होती, पट्टा घालू देईना. सगळ्यांसमोर तोंड तसंच उघडं राहिलं, डोळ्यांतलं पाणी गालावर.

"पोरी, चुकलो," ते कसेबसे म्हणाले. "घाल चपला. झेरॉक्सला मी बी येतो. कल्याण वाचंल, तवा मी तितंच हुबा ऱ्हाईन."

स्नेहल खाली बसली आणि तिनं त्यांच्या पायात चपला सरकवल्या.